दोष कोणाचा?

(जुन्या ध्वनियंत्रातील एक व्हॉल्व्ह बदलताना लेखकाला आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाडाचे खरे कारण शोधावे, हा विचार त्यातून पटतो.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे का? २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे घरोघरचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये झाली. तेथेही व्हॉल्व्ह तयार होत. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्ह मागे पडले. पण त्यांच्या आवाजाचे चाहते आजही आहेत.

पनवेलला आमच्या घरी व्हॉल्व्हचा एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. माझ्या अब्बांनी तो स्वतःच्या हातांनी जोडला होता. अब्बा आता नाहीत. एका ईदच्या आधी अम्मी म्हणाली, "बेटा, ईदला अब्बांच्या रेकॉर्डी ऐकायच्या आहेत." मी यंत्र सुरू केले. आवाज आला, पण त्यात सारखी खरखर होती. आत डोकावून पाहिले, तर एक व्हॉल्व्ह लुकलुकत होता.

तो रेग्युलेटर व्हॉल्व्ह होता. इतर व्हॉल्व्हमध्ये तापणारी तार असते. याच्यात ती नसते. काचेच्या नळीत थोडा वायू आणि दोन धातूंचे भाग असतात. पुरेसा विद्युतदाब मिळाला की वायूतून प्रवाह वाहतो आणि नळी उजळते. आतल्या वायूप्रमाणे हा प्रकाश नारिंगी किंवा जांभळा दिसतो. 'ओए २' या व्हॉल्व्हचे काम दाब सुमारे १५० व्होल्टवर स्थिर ठेवणे हे असते. घरातील वीज कमी-जास्त झाली, तरी पुढच्या भागाला सारखाच दाब मिळतो. दाब वाढू लागला की हा व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढून घेतो. मग जास्तीचा दाब त्याच्या आधी जोडलेल्या रोधावर खर्च होतो.

'लुकलुकतो म्हणजे व्हॉल्व्ह गेला,' असे मी ठरवून टाकले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने 'ओबी २' पुढे केला. तोही त्याच सॉकेटमध्ये बसतो. पण तो दाब १०८ व्होल्टवर ठेवतो. म्हणून आकार नव्हे, क्रमांक पाहून व्हॉल्व्ह घ्यावा. अखेर 'ओए २' मिळाला. घरी येऊन तो बसवला. पाहतो तर काय, नवा व्हॉल्व्हही तसाच लुकलुकू लागला!

मी यंत्र उचलले आणि वडाळे तळ्याजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी लगेच झाकण काढू लागलो. चाचांनी माझा हात धरला. "सर, थांबा. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती जीव घेऊ शकते."

त्यांनी साठलेली वीज रोधातून हळूहळू उतरवली. ती उतरल्याची मीटरने खात्री केली. मग व्हॉल्व्हच्या आधीच्या रोधाचे एक टोक सोडवून त्याचे माप घेतले. रोधावरच्या रंगीत पट्ट्या ४००० ओहम सांगत होत्या. मीटर मात्र ८००० दाखवत होता.

"आता तुम्हीच हिशेब करा," चाचा म्हणाले.

मी कागद घेतला. यंत्रात २५० व्होल्ट दाब येत होता. त्यातून १५० वजा केले, तर रोधावर १०० व्होल्ट राहतात. ओहमच्या नियमाने १०० भागिले ४००० म्हणजे २५ मिलिअँपिअर. त्यातले १० पुढच्या भागाला लागतात. उरलेले १५ व्हॉल्व्हला मिळतात. या व्हॉल्व्हला ५ ते ३० मिलिअँपिअर प्रवाह हवा असतो, म्हणजे सारे ठीक. पण रोध ८००० झाला, तर एकूण प्रवाह साडेबाराच! त्यातून १० गेले की व्हॉल्व्हच्या वाट्याला फक्त अडीच. बिचारा स्थिर कसा राहणार?

चाचांनी नवा रोध डाग देऊन बसवला. नवा व्हॉल्व्ह शांतपणे उजळला. मग यंत्र बंद करून, वीज उतरवून, त्यांनी माझा जुना व्हॉल्व्ह लावला. तोही तितकाच स्थिर उजळला! मी मान खाली घातली. उपाशी असल्यामुळे जो थरथरत होता, त्यालाच मी निकामी ठरवले होते. दहावीला ओहमचा नियम शिकवणारा मी, घरी मात्र तो विसरलो होतो.

कधी कधी व्हॉल्व्ह खरोखरच खराब होतो. प्रवाह योग्य असूनही तो लुकलुकतो किंवा दाब स्थिर ठेवत नाही. तेव्हा तो बदलावाच लागतो. यंत्र बंद करून, वीज उतरवून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर कापडाने धरावा आणि सरळ वर ओढावा. नवा बसवताना पिना आणि सॉकेटची छिद्रे जुळवावीत. जोर करू नये. काही जुन्या व्हॉल्व्हमध्ये किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतो, म्हणून फुटलेल्या काचा उघड्या हाताने उचलू नयेत. आणि मित्रांनो, हे काम जाणकार माणसाशिवाय कधीही करू नका.

ईदच्या संध्याकाळी अम्मीने रेकॉर्ड लावली. खरखर नव्हती. यंत्रात अब्बांनी बसवलेला जुनाच व्हॉल्व्ह उजळत होता.

शब्दार्थ
विद्युतदाब – व्होल्टेज. रोध – प्रवाहाला अडवणारा भाग. डाग देणे – कथील वितळवून जोडणे. निकामी – उपयोगाचा नसलेला. अत्यल्प – फार थोडे. पालथी घालणे – सगळीकडे शोधणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मीची इच्छा कोणती होती?
(आ) 'ओबी २' हा व्हॉल्व्ह लेखकाने का घेतला नाही?
२. कारणे लिहा.
(अ) चाचांनी लेखकाचा हात धरला.
(आ) लेखकाने मान खाली घातली.
३. हिशेब करा : दाब २६० व्होल्ट, रोध ५००० ओहम आणि पुढच्या भागाला १० मिलिअँपिअर लागत असतील, तर 'ओए २' ला किती प्रवाह मिळेल?
४. 'घाईने कोणाला दोष देऊ नये' या विषयावर तुमचा एक अनुभव आठ ओळींत लिहा.