नाटकाचा जमाखर्च : कलाव्यवस्थापनाच्या अभ्यासाविषयी

नाटकाची किंवा गाण्याची आवड असलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर बहुधा दोनच वाटा दिसतात. एक तर स्वतः कलावंत व्हावे, नाहीतर आवड गुंडाळून ठेवून बी. एड. करावे किंवा बँकेच्या परीक्षेला बसावे. या दोहोंच्या मध्ये आणखी एक वाट आहे. लेखक लिहितो, नट भूमिका करतो. परंतु अमुक तारखेला, अमुक गावी, अमुक दराने तो प्रयोग उभा राहावा आणि पडदा पडल्यावर प्रत्येकाच्या हाती त्याचे पैसे पडावेत, हे पाहणारा माणूस निराळाच असतो. त्याच्या कामाला आज कलाव्यवस्थापन म्हणतात. परदेशांत गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ हा विषय विद्यापीठांतून शिकविला जात आहे.

आपल्या भागाला हे काम मुळीच परके नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्या वेळी ते सरकारी कचेरीत नोकरीला होते. केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' ही मंडळी १९०८ साली काढली ती हुबळीस. नाटक मंडळी म्हणजे चालतेफिरते बिऱ्हाडच. नट, वादक, आचारी, पडद्यांच्या गुंडाळ्या, आगगाडीचे भाडे आणि पावसाळ्यात खेळ बंद असतानाही द्यावे लागणारे पगार. हे सारे सांभाळणाऱ्यांची नावे फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

ते काम बिघडले म्हणजे काय होते, हे गंधर्व नाटक मंडळीच्या इतिहासात दिसते. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ती १९१३ साली काढली. पुढे दोघे भागीदार बाहेर पडले आणि बालगंधर्व एकटे मालक राहिले. प्रयोगांना गर्दी लोटत असे, तरीही मंडळी कर्जात बुडाली आणि कर्जाचा आकडा लाखाच्या पुढे गेला. रंगमंचावर शालू खरा हवा, अत्तर उंची हवे, असा त्यांचा बाणा. कलावंत म्हणून तो थोरच. परंतु मालक, मुख्य नट आणि खर्चाला मंजुरी देणारा हे तिघे एकच असले, की 'हा शालू नको' असे म्हणणारा कोणी उरत नाही. लगेच बोलपटांचा काळ आला, आणि १९३५ साली बालगंधर्व स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात दिसले.

तोटा नेहमी उधळपट्टीनेच होतो असे मात्र नाही. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्र आले की तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो. 'सौभद्र'ला मात्र १८८२ साली जेवढी माणसे लागत, जवळजवळ तेवढीच आजही लागतात. बाहेर सर्वांचे पगार वाढले की नटाची 'नाइट' वाढवावी लागते, पण प्रयोग काही दुप्पट निघत नाहीत. म्हणून प्रयोगकलेला तिकिटाबाहेरचे उत्पन्न शोधावेच लागते. देणगी, अनुदान, जाहिराती हे सारे त्यात आले. ते कसे मिळवावे आणि त्याचा हिशेब कसा द्यावा, हा या अभ्यासाचा गाभा होय.

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, ६०० खुर्च्यांचे नाट्यगृह आहे, तिकीट १५० रुपये आणि प्रयोगाचा एकूण खर्च ७२,००० रुपये. म्हणजे ४८० तिकिटे खपली तर खर्च भरून निघेल. साठ पास वाटले तर विकायला ५४० खुर्च्या उरतात. (आपल्याकडे पास मागण्यात कोणालाच संकोच वाटत नाही, ही गोष्ट निराळी!) प्रत्यक्षात ३०० तिकिटे गेली तर २७,००० रुपयांची खोट. प्रेक्षक कमी आले म्हणून नाट्यगृहाचे भाडे कमी होत नाही. तिकीट २०० रुपये केले तर ३६० तिकिटांत भागते, पण मग तेवढे लोक येतील काय? याचे उत्तर गणितात नाही. ते गाव ओळखण्यात आहे.

कायद्याचे ज्ञानही हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. अण्णासाहेब १८८५ साली वारले, तेव्हा 'सौभद्र' सर्वांना मोकळे. आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे २००० साली वारले. त्यांचे नाटक २०६० अखेरपर्यंत परवानगीवाचून लावता येणार नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या कार्यक्रमात, केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तोच प्रयोग निपाणीत तिकीट लावून केला की ती सूट संपली.

हे शिकावे कोठे? या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे दुर्मिळ आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ सालापासून आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यविभाग आहे. पण तेथे भर कलेवर. माझ्या मते बी. कॉम. किंवा अर्थशास्त्राची बी. ए. करून जोडीला नाट्यशिक्षण घेणे अधिक उपयोगी. हेग्गोडूचे 'नीनासम' जरूर पाहून यावे. त्यांची नाट्यशाळा १९८० ची, आणि १९८५ पासून 'तिरुगाट' ही फिरती मंडळी कन्नड नाटके घेऊन गावोगाव जाते. दौरा आखणे म्हणजे काय, ते तेथे पुस्तकाविना कळते.

सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ पुण्या-मुंबईच्या मुलाजवळ नसलेले भांडवल आहे, ते दोन भाषांचे. कोल्हापूरची मंडळी निपाणीहून बेळगावास येते, तेव्हा वाटेत राज्य बदलते. गाडीचा परवाना, पोलिसांची परवानगी, नगरपालिकेचा अर्ज येथून पुढे कन्नडमध्ये. जाहिरात मराठीत, शक्यतो दोन्हींत. तालुक्याच्या बाजारादिवशी प्रयोग ठेवावा की टाळावा, आणि संकेश्वर-चिकोडीच्या प्रेक्षकाला परतीची शेवटची बस मिळावी म्हणून पडदा किती वाजता उघडावा, हेही त्यानेच ठरवायचे.