समुद्रावरील तवंग आणि उपग्रहाचे रडार

इयत्ता : सातवी. विषय : सामान्य विज्ञान.
साहित्य : परात, पाणी, खोबरेल तेल, विजेरी, आरसा, पांढरा कागद.

प्रास्ताविक : शहापूर व मुरबाड तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. तथापि भातसा व काळू या नद्यांचे पाणी उल्हास नदीवाटे वसईच्या खाडीत जाते, आणि किनाऱ्यावरचे सुके बोंबील येथील आठवडे बाजारात येतात. हा संबंध मुलांकडूनच काढून घ्यावा.

विवेचन : ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन इंधनतेल समुद्रात सांडले. ते किनाऱ्यावर व तिवरांच्या वनांत पोहोचले. तिवरांच्या मुळांशी मासळीची पिले वाढतात. तेथे तेल शिरले की कोळ्यांच्या पोटावर पाय येतो. म्हणून तवंग वेळीच दिसणे अगत्याचे असते.

पावसाळ्यात ढगांमुळे आकाशातून साधे छायाचित्र मिळत नाही. रडार मात्र स्वतःच लहरी सोडते व परत आलेल्या लहरी टिपते. त्या ढगांतून पार जातात. रात्रीचाही अडथळा होत नाही. भारताने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला ‘ईओएस-०४’ हा असाच उपग्रह होय.

प्रयोग १ : परातीतील पाण्यावर हळूच फुंकर घालावी, बारीक लाटा उठतात. तेलाचा थेंब टाकून पुन्हा तशीच फुंकर घालावी. तवंगावर लाटा दबलेल्या दिसतात.

प्रयोग २ : अंधाऱ्या खोलीत जमिनीवर कागद व त्यावर आरसा ठेवावा. विजेरी डोळ्याजवळ धरून प्रकाश तिरपा टाकावा. खरबरीत कागद उजळ दिसतो. गुळगुळीत आरसा प्रकाश पलीकडे परावर्तित करतो, म्हणून काळा दिसतो. रडारच्या चित्रात लाटांचा समुद्र उजळ व तवंग काळा दिसतो, तो याच कारणाने.

सावधगिरी : वारा पडला तरी समुद्र गुळगुळीत होतो व काळा डाग उमटतो. म्हणून डाग हा पुरावा नव्हे, संशय होय. जहाज वा विमान पाठवून त्याची खात्री करावी लागते. तेल कोणीकडे वाहील याचा अंदाज हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. तेल आवरण्याचे काम तटरक्षक दल पाहते.

प्रश्न : (१) ढगांतूनही रडारला समुद्र कसा दिसतो? (२) प्रत्येक काळा डाग तेलाचाच का मानू नये?

गृहपाठ : एस. टी. स्थानकाजवळील डबक्यावरचा तवंग पाहावा व ते पाणी पुढे कोणत्या ओढ्यास मिळते, ते लिहून आणावे.