बीपी सकाळी मोजा

आमचा दादा पिऊन कधी रस्त्यात पडला नाही, कुणाशी भांडला नाही, चिकूच्या वाडीतला खाडाही केला नाही. त्यामुळे आमच्या मसोली गावात त्याला कुणी दारुडा म्हटलं नाही. संध्याकाळी ताडी, लग्नसराईत मोहाची, कुणी दमणहून आलं की बाटली, असं वर्षानुवर्षं चाललं. लिव्हरचा रिपोर्ट चांगला आला आणि घरचे सगळे निर्धास्त झाले.

एका संध्याकाळी शिबिरात बीपी मोजलं, तेही बरं निघालं. पुढे एकदा सकाळी नर्सताईंनी पट्टा बांधला. हवा सोडून पुन्हा भरली, मग दुसऱ्या दंडावर मोजलं. १८०/११०. दादा मात्र म्हणत होता, "मला तर काहीच होत नाही."

डॉक्टरांनी नीट समजावलं. धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळतो, सैलावतो, त्यावर रक्ताचा दाब ठरतो. सैलावण्याचा इशारा आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड देतं. रोजच्या दारूनं ते कमी पडतं, आवळायला लावणाऱ्या नसा चेकाळतात, स्नायूत कॅल्शियम वाढतं, आणि वाहिनी आवळलेलीच राहू लागते. भरपूर प्यायल्यावर काही तास दाब उतरतो आणि साधारण तेरा तासांनी चढतो. शिबिरातला आकडा फसवा निघाला तो यामुळेच. हे ज्ञान नवं नाही. फ्रेंच सैनिकांमध्ये जास्त वाइन पिणाऱ्यांचा दाब जास्त असतो, हे डॉ. लियाँ यांनी १९१५ मध्येच नोंदवलं होतं. ताडी झाडाची म्हणून औषधी, असं आपल्याकडे अजून ऐकायला मिळतं. आंबली की तीही दारूच, धमनीला दोन्ही सारखीच.

म्हणून घरात रोज पिणारं कुणी असेल, तर ते धडधाकट दिसत असलं तरी बीपी सकाळी मोजून घ्या, तेही दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा. दादा "कधीतरी घेतो" म्हणायचा, त्यामुळे गोळ्या वाढत गेल्या आणि दाब हटेना. पिणं सुटल्यावर काही आठवड्यांत तो बराच खाली आला, गोळीही एकावर आली.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. पैसे लागत नाहीत. फोन बायकोनं केला, भावानं केला, तरी चालतो.