ब्रह्मपुरीची माती आणि डॉ. सांकलिया

सीपीआरसमोरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. हातातला त्रिशूळ केव्हाच गेलेला. समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेकाठी आला कसा? याचे उत्तर आपल्याला मिळाले ते काही शिस्तीच्या माणसांमुळे. त्यातले प्रमुख नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १९०८ सालचा, मुंबईचा. लंडन विद्यापीठाची पीएच. डी. घेताना इंग्लंडमधील मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली ते प्रत्यक्ष खोदकाम शिकले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. नुसते वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. गावोगाव पायी हिंडून त्यांनी अवशेष जमवले आणि त्यातून कॉलेजचे संग्रहालय उभे राहिले.

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर ब्राँझच्या वस्तूंचा मोठा संचय मिळाला. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या नावाने तो अभ्यासकांत ओळखला जातो. १९४५-४६ मध्ये सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केले. सातवाहनकालीन विटांची घरे आणि त्यांच्या वर बहामनी काळातली वस्ती असे थर त्यांनी वेगळे केले. १९५२ साली अहवाल छापून आला.

मी सिव्हिलचा असल्यामुळे मला ही पद्धत लगेच पटली. आपण बोअर घेतो तेव्हा कुठल्या खोलीवर मुरूम, कुठे काळी माती हे लिहून ठेवतो की नाही? तसेच हे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मध्ये कुणी खड्डा खणला असेल तर तोही ओळखावा लागतो. मूर्ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे कळले तरच तिला काळ मिळतो. नाहीतर ते नुसते मोडीचे ब्राँझ!

उत्खननाइतकेच महत्त्वाचे पुढचे जपणे. वस्तू संग्रहालयात राहिल्या म्हणूनच रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाला त्यांची छाननी करता आली. त्यातल्या काही वस्तू रोमन साम्राज्यातून आलेल्या आणि बाकीच्या भारतीय घडणीच्या, हा फरक त्यांनी १९९१ च्या लेखात दाखवला. म्हणजे खोदल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही त्या वस्तू बोलत होत्या.

सांकलियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९८९ मध्ये ते गेले. इकडे ब्रह्मपुरीवर आता घरे आहेत. जे नोंदले तेवढे उरले, बाकी पायाखाली गेले.

उद्या आपल्यापैकी बरेच जण साईटवर उभे असतील. पायाच्या खोदाईत जुन्या विटा, खापऱ्या, नाणी दिसली तर जेसीबी थांबवा. फोटो घ्या, खोली मोजा, वस्तू जागची हलवू नका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरना कळवावे, असे १८७८ चा कायदाच सांगतो. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करील, करू दे. एक दिवस उशीर झाला तरी इमारत उभी राहते. उकरलेला थर मात्र पुन्हा रचता येत नाही.