मऊपणाची किंमत : थॅलेट आणि आपली मुले

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथील शेतकऱ्याच्या घरी दोन प्रकारचे पाइप हमखास आढळतात : एक बोअरवेलचा ताठ पाइप आणि दुसरा गुंडाळून ठेवता येणारा मऊ पाइप. दोन्ही बहुधा पीव्हीसी या एकाच प्लास्टिकचे असतात. फरक घडवते ते मऊ पाइपात मिसळलेले मृदुकारक रसायन, म्हणजेच प्लास्टिसायझर. त्यांतील सर्वाधिक प्रचलित कुल थॅलेट या नावाने ओळखले जाते.

एकोणिसाव्या शतकात सेल्युलॉइड लवचिक करण्यासाठी कापूर वापरला जाई. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ताठ पीव्हीसी मऊ करून दाखविले. पुढे रेक्झिन, रेनकोट, विजेच्या तारांचे आवरण, खेळणी, सलाइनच्या नळ्या अशा असंख्य वस्तूंत थॅलेट आले. रक्ताच्या पिशवीतील डीईएचपी हे थॅलेट तर तांबड्या पेशी टिकविण्यास साहाय्यही करते. म्हणून त्याचा सरसकट धिक्कार करणे विवेकाला धरून होणार नाही.

मात्र थॅलेट पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते हळूहळू बाहेर पडते. उष्णता व तेल यांच्या संपर्कात अधिक वेगाने. जुने रेक्झिन कडक होऊन तडकते, त्याचे एक कारण हेच. प्राण्यांवरील प्रयोगांत काही थॅलेटांमुळे नराच्या प्रजननसंस्थेच्या वाढीत दोष आढळले. त्यामुळे गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्याबाबत विशेष दक्षता आवश्यक ठरते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक असून त्या मानकांत थॅलेटची तपासणी समाविष्ट आहे. तथापि आठवडी बाजारातील चिन्हरहित स्वस्त खेळणे गरिबाच्याच मुलाच्या तोंडात जाते, हे विसरता येत नाही.

प्रत्येक प्लास्टिकमध्ये थॅलेट नसते. त्रिकोणातील ३ हा अंक पीव्हीसी दर्शवितो, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. गरम वरण व तेलकट लोणचे यांसाठी स्टील, काच, चिनी मातीची बरणी किंवा आपल्या परिसरातील पळसाची पत्रावळ उत्तम.

शरीरात गेलेले थॅलेट बहुतांशी एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. धोका आहे तो रोजच्या पुनरावृत्तीचा. निवासी शाळेत मूल वर्षातील बहुतेक दिवस जेवते, खेळते आणि झोपते. म्हणून त्याच्या ताटाची व खेळण्याची चिकित्सक निवड ही आपणा शिक्षकांची व व्यवस्थापनाची जबाबदारी होय.