अनोळखी माणसाचें रक्त

आपल्या मराठींत ‘रक्ताचें नातें’ असा एक शब्दप्रयोग आहे. सख्खा भाऊ, चुलता, मामा, मावशी हीं सारीं रक्ताचीं माणसें, आणि रस्त्यानें जाणारा वाटसरू तो परका, असा त्याचा भाव. परंतु ज्या शास्त्रानें रक्ताचा खरोखर अभ्यास केला, त्याचा निर्णय कांहींसा निराळा आहे. सख्ख्या भावाचें रक्त भावाला चालत नाहीं, आणि ज्याची भाषा, जात, धर्म, गांव यांपैकीं एकही गोष्ट ठाऊक नाहीं अशा माणसाचें रक्त त्यास वांचवितें, असा अनुभव रुग्णालयांत नित्य येतो. परक्या माणसाशीं आपला संबंध कसा जोडला जातो व तो जोडण्यास काय काय लागतें, हें पाहण्यास यासारखें दुसरें उदाहरण आम्हांस सुचलें नाहीं. म्हणून या लेखांत त्याचा, आणि विशेषेंकरून एका अत्यंत विरळ रक्तगटाचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं मनुष्याच्या रक्ताचे निरनिराळे गट असतात हें दाखवून दिलें व त्याबद्दल १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ए, बी, एबी आणि ओ हीं नांवें परिचित आहेतच. तांबड्या पेशींवर ए नांवाचें द्रव्य असेल तर ए गट, बी असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी, आणि दोहोंपैकीं एकही नसेल तर ओ. जें द्रव्य आपल्या पेशींवर नाहीं, त्याच्या विरुद्ध लढणारें प्रतिद्रव्य आपल्या रक्तरसांत असतें. यामुळें ए गटाच्या रोग्यास चुकून बी गटाचें रक्त दिलें, तर त्या नव्या पेशींचा नाश होतो व रोगी दगावण्याचा संभव असतो. ओ गटाच्या पेशींवर ए नाहीं आणि बीही नाहीं; सबब निकडीच्या वेळीं त्या कोणासही देतां येतात, असें आपण शिकतों. (ऱ्हीसस घटकाची गोष्ट तूर्त बाजूस ठेवूं.) या नियमास एक अपवाद आहे, आणि तो आपल्या मुंबईंत सांपडला.

१९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंतील कांहीं माणसांच्या रक्ताचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापला. त्या माणसांच्या पेशी तपासल्या तर गट ओ असावा असें वाटे. पण ओ गटाच्या पेशी त्यांच्या रक्तरसांत मिसळतांच गुठळ्या होत. ए चालेना, बी चालेना, आणि सर्वांस चालणारें ओ तेंही चालेना! याचें कारण असें. ए व बी हीं द्रव्यें ज्या पायावर रचलीं जातात, त्या पायास ‘एच्’ म्हणतात. ओ गटाच्या माणसाजवळ नुसता पाया असतो, वरची इमारत नसते. या माणसांजवळ तो पायाच नव्हता. त्यामुळें जगांतील जवळजवळ प्रत्येक मनुष्याचें रक्त त्यांच्या शरीरास परकें ठरलें. शहरावरून या गटास ‘बॉम्बे गट’ असें नांव पडलें. पुढें शहराचें नांव पालटलें, गटाचें तेंच राहिलें.

भारतांत सुमारें १०,००० माणसांत एक मनुष्य या गटाचा असतो. युरोपांत दहा लाखांत एक. हा आंकडा नुसता वाचून सोडून देऊं नये, त्याचा हिशेब मांडून पाहावा. एक लाख वस्तीचें तालुक्याचें गांव घ्या. त्यांत बॉम्बे गटाचे लोक दहा. त्यांतून मुलें वगळा, वृद्ध वगळा, ज्यांची प्रकृति रक्त देण्याजोगी नाहीं ते वगळा. उरले चार किंवा पांच. आणि या चार-पांचांस आपला गट ठाऊक आहे काय? बहुधा नाहीं. साध्या तपासणींत त्यांचा गट ओ असाच लिहिला जातो. रक्तरसाचीही उलट तपासणी केली, अथवा रक्त देण्यापूर्वीं दात्याचें व रोग्याचें रक्त मिसळून पाहिलें, म्हणजेच खरा प्रकार उघड होतो. एखाद्या बाईस बाळंतपणांत रक्तस्राव सुरू झाला, रक्तपेढींतून ओ गटाच्या पिशव्या आणल्या, आणि एकामागून एक प्रत्येक पिशवी जुळेना, अशा वेळीं घरच्यांस प्रथमच कळतें कीं आपली सून दहा हजारांत एक आहे. घड्याळाचे कांटे तर थांबत नाहींत.

अशा वेळीं पहिला शोध घरांतच घ्यावयाचा असतो. हा गुण आई व बाप या दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून रोग्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याचा संभव साधारणपणें चारांत एक असतो. भावंडांत जुळलें तर उत्तम. न जुळलें तर मग जगांत कोठें तरी असणारा एक अनोळखी मनुष्य शोधावा लागतो. यांत एक विलक्षण गोष्ट आहे. बॉम्बे गटाच्या पेशींवर ए, बी, एच् यांपैकीं कांहींच नसल्यानें त्यांचें रक्त इतर गटांच्या लोकांसही बहुधा चालावें. देण्यास सारें जग मोकळें, आणि घेण्यास दहा हजारांत एकच दार उघडें!

तें दार शोधावें कसें? या प्रश्नाचें उत्तर बॉम्बे गट सांपडण्यापूर्वींच, निराळ्या निमित्तानें, लंडन शहरांत एका सामान्य गृहस्थानें देऊन ठेवलें होतें. पर्सी लेन ऑलिव्हर हे कँबरवेल भागांतील नगरकचेरींत नोकरीस होते व तेथील रेडक्रॉस शाखेचे मानद चिटणीस होते. १९२१ च्या ऑक्टोबर महिन्यांत किंग्ज कॉलेज रुग्णालयांतून त्यांस टेलिफोन आला कीं, एका रोग्यास तातडीनें रक्त हवें आहे, कोणी देणारा मिळेल काय? त्या काळीं रक्त सांठवून ठेवण्याची पेढी नव्हती. देणारा मनुष्यच रुग्णालयांत हजर करावा लागे. ऑलिव्हर कांहीं सहकाऱ्यांस घेऊन गेले आणि त्यांतील एका परिचारिकेचें रक्त जुळलें.

येथपर्यंत नवल कांहीं नाहीं. संकट डोळ्यांपुढें उभें राहिलें असतां धांवून जाणारीं माणसें प्रत्येक गांवांत असतात. ऑलिव्हर यांचा मोठेपणा पुढेंच आहे. त्यांच्या मनांत आलें कीं, असा टेलिफोन पुन्हा येणार, आणि प्रत्येक वेळीं धांवाधांव करीत माणूस शोधूं लागलों तर रोगी वाट पाहत बसणार नाहीं. म्हणून कोणीही आजारी नसतांना त्यांनीं इच्छुकांचीं नांवें जमविलीं, प्रत्येकाची आधींच तपासणी करवून गट नोंदविला, आणि आपल्या राहत्या घरांतील टेलिफोन या कामास देऊन टाकला. त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें तें काम वर्षानुवर्षें दिवसरात्र चालविलें. रुग्णालयानें विचारावें, यांनीं नोंद पाहून माणूस धाडावा, त्यानें रक्त देऊन घरीं जावें. देणाऱ्यास मोबदला नाहीं. १९२६ पासून रेडक्रॉसनें हें काम अधिकृतपणें हातीं घेतलें. पुढें १९३७ सालीं शिकागो येथें डॉ. बर्नार्ड फँटस यांनीं रुग्णालयांत रक्त सांठविण्याची व्यवस्था केली व तिला ‘ब्लड बँक’ हें नांव दिलें. त्यावरून आपला ‘रक्तपेढी’ हा शब्द आला.

लूककृत शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण प्रार्थनेच्या तासास अनेकदां ऐकतों. वाटेंत लुटल्या गेलेल्या परक्या माणसास त्यानें आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें. दाखल्यांतील याजक आणि लेवी यांजवर पुष्कळ बोललें जातें. त्या उतारशाळेच्या रखवालदाराविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. परंतु शोमरोनी दुसऱ्या दिवशीं आपल्या वाटेनें गेला, तेव्हां त्या जखमी माणसाची शुश्रूषा कोणी केली? ऑलिव्हर हे आम्हांस त्या रखवालदाराच्या जातीचे वाटतात.

आज रक्तपेढ्या गांवोगांवीं आहेत, तेव्हां असल्या याद्यांची काय गरज, असें कोणी म्हणेल. सर्वसाधारण गटांपुरतें तें बव्हंशीं खरें आहे. पण तांबड्या पेशी शीतपेटींत ३५ दिवस, फार तर ४२ दिवस टिकतात. गोठवून वर्षानुवर्षें ठेवण्याची युक्ति आहे, पण ती खर्चाची असल्यानें थोड्याच ठिकाणीं आढळते. ज्या गटाची मागणी केव्हां व कोठें येईल याचा नेम नाहीं, त्याच्या पिशव्या प्रत्येक गांवीं कशा भरून ठेवणार? तेथें पिशवी कोठें आहे यापेक्षां माणूस कोठें आहे हें ठाऊक असणें अधिक महत्त्वाचें. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथून तर विरळ रक्तदात्यांची एक आंतरराष्ट्रीय यादी चालविली जाते.

पैशाच्या प्रश्नाचाही येथें उल्लेख करणें अवश्य आहे. आपल्या देशांत पूर्वीं रक्त विकून पोट भरणारे लोक होते. दारिद्र्यामुळें ते आपले रोग लपवीत, पुरेसा काळ जाऊं न देतां पुन्हा रक्त देत, आणि त्यांची व घेणाऱ्याची दोघांचीही हानि होई. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिलेल्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून असा विक्रय बंद झाला. पेढी जें शुल्क घेते तें तपासणीचें व सांठवणीचें असतें, रक्ताची किंमत नव्हे. तरी ‘गट जुळतो, इतके रुपये आधीं पाठवा’ असें मोबाइलवर सांगणारे लुच्चे आजही आढळतात. जो रक्ताचें मोल सांगतो, त्याजवर पालकांनीं मुळींच विश्वास ठेवूं नये.

मोबाइलचा विषय निघाला म्हणून आमचीच एक चूक सांगतों. ‘एका मुलीस बॉम्बे गटाचें रक्त तातडीनें हवें आहे, कृपया पुढें पाठवा’ असा निरोप आमच्या मोबाइलवर आला. त्यावर तारीख नव्हती. आम्हीं तो तत्काळ परिचितांच्या तीन गटांस पाठविला, एक सत्कृत्य केल्याच्या समाधानांत जेवलों, आणि विसरून गेलों. कांहीं महिन्यांनीं तोच निरोप पुन्हा आला, तेव्हां मात्र खाली दिलेल्या क्रमांकावर फोन करण्याची बुद्धि झाली. मुलीच्या वडिलांनीं फोन घेतला. मुलगी जाऊन चौदा महिने झाले होते.

आम्ही क्षमा मागूं लागलों, तर त्यांनीं शांतपणें विचारलें, “साहेब, आपण कोणत्या गांवाहून बोलतां? आपला गट कोणता?” मग त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. त्या दोन दिवसांत त्यांस शेंकडों फोन आले. बहुतेक सारे ओ गटाचे. बॉम्बे गट म्हणजे काय, हें त्यांस ठाऊक नव्हतें. खरोखर त्या गटाचे असे दोघेच निघाले, आणि ते दोघेही दूरच्या जिल्ह्यांतून निघून आले. पण तोंवर उशीर झाला होता. फोन पुढेंही येतच राहिले, कधीं रात्रीं दोन वाजतांही. प्रथम त्यांनीं क्रमांक बंद करण्याचें ठरविलें होतें. मग त्या दोघांचीं नांवें एका वहींत लिहिलीं, आणि उशिरां फोन करणाऱ्या प्रत्येकास ते गांव व गट विचारूं लागले. आतां त्यांच्या भागांतील रक्तपेढीचे लोक अडचणीच्या वेळीं त्यांस विचारतात. आमचें नांव त्यांनीं बी गटाखालीं लिहून घेतलें.

त्या दिवसापासून आम्हीं आपल्यापुरता एक नेम केला आहे. निरोपांत रुग्णालय, गट, किती पिशव्या व कोणत्या तारखेस हें सारें असेल तरच तो वाचावयाचा, प्रथम स्वतः फोन करावयाचा, आणि गरज उभी असेल तरच, तीही त्या रुग्णालयाजवळ राहणाऱ्या माणसांस, कळवावयाची. शंभर दूरच्या माणसांपेक्षां जवळचीं पांच अधिक उपयोगी. शिवाय २०१६ पासून शासनाच्या ‘ई-रक्तकोष’ या संकेतस्थळावर पेढ्यांतील सांठा पाहतां येतो. साध्या गटासाठीं तेथें आधीं पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, १८ वर्षें पूर्ण होईपर्यंत तुम्हांस रक्त देतां येणार नाहीं. त्यापुढेंही वजन निदान ४५ किलो व हिमोग्लोबिन १२.५ असावें लागतें, आणि दोन दानांमध्यें पुरुषांनीं तीन महिने व स्त्रियांनीं चार महिने जाऊं द्यावे लागतात. पण घरांतील मोठ्या माणसांचे गट विचारून एका कागदावर लिहून ठेवण्यास वयाची अट नाहीं. तुमच्या घरीं कोणाचा गट ओ असेल आणि त्याचें रक्त पूर्वीं कधीं इतर ओ रक्ताशीं जुळलें नसेल, तर ती गोष्ट पेढींतील डॉक्टरांस अवश्य सांगावी व भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. आणि कोणाच्या घरीं असा प्रसंग येऊन निरोप पाठवावा लागलाच, तर रक्त मिळाल्यावर त्याच सर्व ठिकाणीं दुसराही एक निरोप पाठवावा: ‘रक्त मिळालें, आतां फोन करूं नये.’ मुलांना हीं यंत्रें मोठ्यांपेक्षां चांगलीं हाताळतां येतात; हा दुसरा निरोप लिहिण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घ्यावें.