डिजिटल रेडिओ : तंत्र आणि श्रोता

रेडिओ आपण सर्वच ऐकतो. परंतु आवाज घरापर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार क्वचितच करतो. एफ.एम. पद्धतीत आवाजाच्या चढउतारांनुसार वाहक लहरीची वारंवारता बदलते. डोंगरांवर व इमारतींवर आदळून उशिरा येणाऱ्या लहरी मूळ लहरीत मिसळल्या, की आवाज बिघडतो.

युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या 'युरेका १४७' प्रकल्पातून 'डॅब' ही डिजिटल पद्धत विकसित झाली. तिच्यात प्रथम आवाजाचे अंकांत रूपांतर करतात व कानाला न जाणवणारा भाग वगळतात. उरलेली माहिती १,५३६ उपवाहक लहरींवर वाटून देतात. त्यामुळे प्रत्येक लहरीवरील माहितीचा वेग कमी राहतो. शिवाय मध्ये थोडा संरक्षक अवधी ठेवतात. त्या अवधीत येणारी परावर्तित लहर बाधक न ठरता साहाय्यकच ठरते. म्हणूनच अनेक केंद्रे एकाच वारंवारतेवर तेच कार्यक्रम प्रक्षेपित करू शकतात. मात्र संकेत फारच क्षीण झाला, तर आवाज एकदम तुटतो.

ब्रिटन व नॉर्वेत १९९५ साली हे प्रसारण सुरू झाले. पुढे २०१७ साली नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. प्रसारण बंद केले. त्या वाहिन्या ऐकण्यास जुने संच निरुपयोगी ठरले. मोटारीतही नवे उपकरण बसवावे लागले. भारतात आकाशवाणीने मध्यम लहरींवर 'डी.आर.एम.' ही निराळी डिजिटल पद्धत आणली. तिलाही वेगळाच संच लागतो.

तंत्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते : ज्याला नवा संच परवडत नाही, त्याच्यापर्यंत आवाज कसा पोहोचणार?